क्रोन्सचं औषध बदलताना: पहिल्या शंकेपासून नव्या औषधाच्या चौथ्या महिन्यापर्यंत

"हे औषध आता पुरत नाहीये, बदलूया." क्रोन्स हा आतड्याला सूज आणणारा आजार. त्याच्या बहुतेक पेशंटना हे कधी ना कधी ऐकावं लागतं. ओपीडीबाहेर गर्दी ताटकळलेली असते, डॉक्टर नव्या औषधाचं नाव लिहून देतात, आणि प्रश्न सुरू होतात ते घरी पोचल्यावर. जुनं कधी बंद करायचं? मध्ये काही दिवस सोडायचे का? पोटाच्या आजारात टीबीची तपासणी कशासाठी? मेडिक्लेममध्ये बसेल का?

मी गोळ्यांवरून सलाइनमधून द्यायच्या औषधावर आणि पुढे घरी टोचायच्या पेनवर गेले आहे. राहते नाशिकला, डॉक्टर मुंबईत, त्यामुळे बरीचशी जुळवाजुळव फोनवर आणि कागदांवरच करावी लागली. खालचे डोस आणि आकडे डॉक्टरांचं बोलणं नीट कळावं म्हणून दिले आहेत, स्वतःच्या मनाने बदल करण्यासाठी नाहीत.

एक गोष्ट सगळ्यात आधी. जुनं औषध नेमकं का सोडतोय, याचं कारण फाइलमध्ये लिहिलेलं असलं पाहिजे. क्रोन्सवर चालणारी औषधं मोजकीच आहेत आणि आजार जन्मभराचा आहे. नीट संधी न देता सोडलेलं प्रत्येक औषध म्हणजे हातातला एक पर्याय कमी.

1. जुनं औषध खरंच निकामी झालंय का, ते तपासून घ्या

पोट दुखतंय, जुलाब होतायत, म्हणजे आतड्याची सूज वाढली असेल असं आपण धरून चालतो. तसं नेहमीच नसतं. हीच लक्षणं इतर कारणांनीही येतात आणि त्या कारणांवर नवं महागडं इंजेक्शन काहीच काम करत नाही.

म्हणून डॉक्टरांना विचारा: सूज आहे याचा पुरावा काय? रक्तातलं सीआरपी आणि शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन, सूज असली की वाढणारी ही दोन प्रथिनं, या तपासण्या पहिल्या. कॅल्प्रोटेक्टिन 250 मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर सूज सक्रिय असण्याची शक्यता बरीच असते. शौचात जंतुसंसर्ग नाही ना, विशेषतः क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल, हेही बघावं लागतं. नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर ते आठवणीने सांगा.

त्यानंतर कोलोनोस्कोपी आणि लहान आतड्यासाठी एमआर एन्टेरोग्राफी, म्हणजे आतड्याचा एमआरआय. जेवल्यावर तासाभरात कळा, पोट फुगणं, उलटी, असा तुमचा त्रास असेल तर आतडं एखाद्या जागी अरुंद झालेलं असू शकतं. ते सुजेमुळे असेल तर औषधाने सुटतं. जुन्या जखमेच्या व्रणामुळे घट्ट झालं असेल तर कुठल्याच औषधाने सुटत नाही. तिथे दुर्बिणीतून फुग्याने रुंद करणं किंवा ऑपरेशन हाच मार्ग असतो. ऑपरेशनच्या भीतीने महिनोन्‌महिने औषधं बदलत राहणारे लोक मी पाहिले आहेत, फार वाईट वाटतं. लहानसा तुकडा वेळेवर काढला की कित्येक जण वर्षानुवर्षं बरे राहतात.

आपल्याकडे आणखी एक शंका कायम जागी ठेवावी लागते. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स कोलोनोस्कोपीत आणि बायोप्सीतही एकमेकांसारखे दिसतात. अनेकांना क्रोन्सचं निदान होण्याआधी टीबीची औषधं दिलेली असतात, काहींच्या बाबतीत उलटं होतं. क्रोन्सच्या औषधाचा पहिल्यापासून अजिबातच फरक पडलेला नसेल तर "टीबी नक्की नाही ना?" हा प्रश्न संकोच न करता विचारा.

घरात नजर टाका ती दुखण्याच्या गोळ्यांवर. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन या सूज उतरवणाऱ्याच गोळ्या आहेत, पण क्रोन्स त्यांनी भडकू शकतो. सांधे दुखतात म्हणून मेडिकलवाल्याकडून आणलेल्या पाकिटावर ही नावं आहेत का ते वाचा. ताप-अंगदुखीला साधं पॅरासिटामॉल घ्यावं. सिगारेट-विडीही इथेच मोजा: क्रोन्समध्ये धूम्रपान चालू असेल तर औषधांचं बळ कमी पडतं.

इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडॅलिम्युमॅब ही सुजेवरची इंजेक्शनं चालू असतील तर रक्तातली औषधाची पातळी आणि औषधाविरुद्धच्या अँटिबॉडीज, म्हणजे औषध निकामी करायला शरीराने बनवलेली प्रथिनं, मोजता येतात. रक्त पुढचा डोस घेण्याच्या अगदी आधी द्यायचं, डोस घेतल्यावर नाही. रिपोर्टचा ढोबळ अर्थ असा:

- पातळी कमी, अँटिबॉडी नाहीत: औषध पुरेसं पोचत नाहीये. डोस वाढवून किंवा दोन डोसांतलं अंतर कमी करून पुष्कळदा तेच औषध पुन्हा चालतं.
- पातळी शून्याजवळ, अँटिबॉडी भरपूर: शरीराने हे औषध नाकारलंय. त्याच जातीतलं, म्हणजे त्याच पद्धतीने काम करणारं, दुसरं चालू शकतं.
- पातळी चांगली, तरी सूज कायम: हा रस्ताच लागू पडत नाही, दुसऱ्या जातीचं औषध हवं.

ही तपासणी सगळीकडे होत नाही आणि स्वस्तही नाही. तरी औषध सोडण्याआधी जमत असेल तर करून घ्याच.

2. नवं औषध कोणत्या जातीचं आहे, ते समजून घ्या

मेसालामिन सुरुवातीला बऱ्याच जणांना दिलं जातं, पण लहान आतड्याच्या क्रोन्समध्ये त्याचा उपयोग फारसा सिद्ध झालेला नाही. स्टेरॉइड, म्हणजे प्रेडनिसोलोन किंवा ब्युडेसोनाइड, आग विझवायला उत्तम, पण कायम घ्यायचं औषध नव्हे. अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी लागू पडायला दोन ते चार महिने घेते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने जीवावर बेतलेलं आहे, म्हणून ठरलेला वार पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा.

त्यापुढे बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली इंजेक्शनं. इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून: पहिला डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्याला, पुढे दर आठ आठवड्यांनी. भगंदर असलेल्यांसाठी ते सहसा पहिली पसंती असतं. अडॅलिम्युमॅब त्वचेखाली, सुरुवातीला मोठे दोन डोस आणि मग दर दोन आठवड्यांनी 40 मिलिग्रॅम. वेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्यापुरतं काम करतं, त्यामुळे इतर संसर्गांचा धोका कमी, पण ते संथ आहे. उस्टेकिनुमॅबचा पहिला डोस वजनाप्रमाणे सलाइनमधून, नंतर त्वचेखाली. उपाडासिटिनिब हे बायोलॉजिक नव्हे, रोजची गोळी आहे, अमेरिकेत क्रोन्ससाठी तिला मे 2023 मध्ये मान्यता मिळाली. ती चालू असताना नागीण होण्याची शक्यता वाढते आणि ग्रेपफ्रूट खायचं नसतं.

बायोसिमिलर हा शब्द तुमच्या कानावर पडेलच. मूळ बायोलॉजिकची, तपासून मान्य झालेली, स्वस्त आवृत्ती म्हणजे बायोसिमिलर. झायडसने डिसेंबर 2014 मध्ये अडॅलिम्युमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर भारतातच बाजारात आणलं. खर्च परवडत नाही म्हणून मूळ औषधावरून बायोसिमिलरवर जाणं हा चांगला निर्णय असू शकतो. पण इन्फ्लिक्सिमॅबविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या म्हणून त्याचंच बायोसिमिलर घेऊन उपयोग नाही, त्या अँटिबॉडी त्यालाही ओळखतात. आणि दुकानदाराने दर वेळी वेगळी कंपनी हातात ठेवू नये. बदल डॉक्टरांना सांगून, एकदाच.

3. टीबी आणि कावीळ: ही पायरी टाळायची नाही

नव्या औषधाची घाई असली तरी इथे आठवडा-दोन आठवडे द्या. शरीरात दडून बसलेला टीबी इन्फ्लिक्सिमॅब-अडॅलिम्युमॅबमुळे उफाळून येऊ शकतो. आपल्या देशात असा दडलेला टीबी कोट्यवधी लोकांच्या शरीरात असतो, त्यामुळे "आमच्या घरात कुणाला नाही" यावर विसंबू नका.

छातीचा एक्स-रे किंवा सीटी, मँटू ही हातावर टोचून करायची टेस्ट आणि इग्रा ही रक्ततपासणी करतात. लहानपणी बीसीजी टोचलेली असली तर मँटू उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, इग्रावर बीसीजीचा परिणाम होत नाही. उलट बाजूने, स्टेरॉइड चालू असताना दोन्ही तपासण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. शक्य असेल तर स्टेरॉइड सुरू होण्याआधीच रक्त द्या, नाहीतर चालू असलेला डोस लॅबच्या फॉर्मवर आणि डॉक्टरांना सांगा.

दडलेला टीबी सापडला म्हणजे दार बंद झालं असं नाही. प्रतिबंधक गोळ्या सुरू करतात आणि साधारण महिन्याभराने बायोलॉजिक देता येतं. कोर्स मात्र पूर्ण करायचा. आणि सगळं निगेटिव्ह आलं तरी पुढे दोन आठवड्यांवर टिकणारा खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच कळवा.

सोबत काविळीचे हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांच्या तपासण्या. हिपॅटायटिस बीमध्ये चालू संसर्ग दाखवणारं नुसतं एचबीएसएजी नको, जुना संसर्ग दाखवणारं अँटी-एचबीसीही मागा, कारण जुना, विसरलेला संसर्गही जागा होऊ शकतो. अझाथायोप्रिन सुरू होणार असेल तर एनयूडीटी15 ही जनुकीय तपासणी विचारा. त्या जनुकात बदल असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या डोसने झपाट्याने घसरतात, केसही मुठीने गळतात, आणि हा बदल आशियाई लोकांत बऱ्यापैकी आढळतो. तपासणी नॉर्मल आली तरी पहिले दोन महिने दर एक-दोन आठवड्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावी लागतेच. युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालू असेल तर तसं न सांगता अझाथायोप्रिन घेऊ नका.

4. लसी आत्ताच उरकून घ्या

इन्फ्लुएन्झा, न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी या लसी नंतरही चालतात, पण आधी घेतलेल्या जास्त लागू पडतात. नागिणीची शिंग्रिक्स लस जिवंत विषाणूची नाही, उपाडासिटिनिब घेणार असाल तर विचाराच. कांजिण्या, एमएमआर, यलो फीव्हर या जिवंत लसी मात्र औषध सुरू झाल्यावर चालत नाहीत.

मुलींनी आणि सुनांनी एक लक्षात ठेवावं. मेथोट्रेक्सेट आणि उपाडासिटिनिब गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून मूल हवं असेल तर बदल ठरतानाच सांगा. अझाथायोप्रिन आणि इन्फ्लिक्सिमॅब बहुतेकदा चालू ठेवतात. पण गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडॅलिम्युमॅब घेतलं असेल तर ते बाळाच्या रक्तात उतरलेलं असतं, आणि आपल्याकडे बाळाला जन्मल्याबरोबर बीसीजी टोचतात. ती जिवंत लस आहे. किमान सहा महिने, काही डॉक्टर वर्षभर, थांबायला सांगतात. प्रसूतिगृहाच्या फाइलवर "बीसीजी देऊ नये, डॉक्टरांशी बोला" असं आधीच लिहून घ्या, कारण त्या धांदलीत कुणाच्या लक्षात राहत नाही.

5. जुन्यावरून नव्यावर: मध्ये खड्डा पडू देऊ नका

"आधीचं औषध अंगातून पूर्ण जाऊ दे, मग नवं सुरू करू" असा सल्ला नातेवाईक देतात, कधी कधी केमिस्टही देतो. एका बायोलॉजिकवरून दुसऱ्यावर जाताना सहसा असं थांबावं लागत नाही. जुन्याचा पुढचा डोस ज्या दिवशी आला असता त्या दिवशी, किंवा त्याआधीही, नवं सुरू करतात. मोकळ्या राहिलेल्या आठवड्यांत आतडं पेटतं आणि मग स्टेरॉइडचा मोठा कोर्स मागे लागतो. म्हणून डॉक्टरांकडून दोन तारखा लिहून घ्या: जुन्याचा शेवटचा डोस आणि नव्याचा पहिला.

संथ औषध असेल तर मधल्या काळासाठी स्टेरॉइडचा पूल बांधतात. त्याची उतरण काटेकोर पाळायची. प्रेडनिसोलोन 40 मिलिग्रॅमपासून सुरू असेल तर साधारण दर आठवड्याला 5 मिलिग्रॅम कमी करतात. बरं वाटलं म्हणून एकदम थांबवलं तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड अपुरं पडतं, चक्कर येते, रक्तदाब कोसळतो. एकादशी असो की नवरात्र, उपवासाच्या दिवशीही ही गोळी चुकवायची नाही आणि रिकाम्या पोटी घ्यायची नाही. स्टेरॉइड असेपर्यंत रक्तातली साखर बघा, आणि कॅल्शियम-व्हिटॅमिन डीबद्दल विचारा.

अझाथायोप्रिनवर असताना इन्फ्लिक्सिमॅब सुरू झालं तर जुनी गोळी टाकून देऊ नका. दोन्ही एकत्र घेतल्याने अँटिबॉडी कमी तयार होतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या सॉनिक अभ्यासात दोन्ही मिळून घेणाऱ्यांचा निकाल एकेकट्या औषधापेक्षा चांगला होता. तरुण मुलांमध्ये मात्र या जोडीने एक अत्यंत दुर्मिळ कॅन्सर होऊ शकतो, म्हणून ती किती काळ ठेवायची हे डॉक्टर वय बघून ठरवतात.

पैसे कमी पडले म्हणून इन्फ्लिक्सिमॅबचे एक-दोन डोस गाळून पुन्हा सुरू करणं हा मला सगळ्यात घातक सापळा वाटतो. मधल्या काळात शरीर अँटिबॉडी बनवतं आणि परतल्यावर सलाइन चालू असताना रिअ‍ॅक्शन येऊ शकते. पैशांची अडचण आधी सांगा, डोस चुकल्यावर नाही.

लेबल नसलेल्या पुड्यांबद्दलही इथेच सांगते. "मुळापासून बरं करतो" म्हणून दिलेल्या चूर्णात कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. त्याने बरं वाटतंही, पण तोवर चालू औषध सुटलेलं असतं.

6. पैसे आणि कागद

ज्या दिवशी औषधाचं नाव ठरेल त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल करा. सलाइनवाटे दिलेलं बायोलॉजिक बऱ्याच पॉलिसींत डे-केअरमध्ये, म्हणजे एका दिवसाच्या उपचारात, बसतं. घरी टोचायचं पेन बहुतेक वेळा ओपीडी खर्च धरून नाकारतात. वैद्यकीयदृष्ट्या दोन्ही सारखीच योग्य असतील तर हा फरक तुमच्या निवडीत आला तर त्यात गैर काही नाही, डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. वरची चारही बायोलॉजिक मोनोक्लोनल अँटिबॉडी या प्रकारची आहेत, आणि त्यांचं इंजेक्शन आयआरडीएआय या विमा नियामकाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहे, त्यामुळे "आम्ही देतच नाही" असं तोंडी उत्तर आलं तर लेखी मागा. कंपनीने त्यावर कमाल मर्यादा मात्र घातलेली असू शकते. नवी पॉलिसी घेताना क्रोन्स लपवू नका. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे.

विमा नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला औषधाचं नाव दाखवून विचारा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. बिल काउंटरवर ही माहिती मिळेलच असं नाही. औषध कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजनाही असतात, ठरावीक डोस घेतले की पुढचे मोफत अशा. नोंदणी पहिल्या डोसच्या आधी करावी लागते, म्हणून आधीच विचारा.

फाइलमध्ये ठेवायचे कागद:

- निदानाची बायोप्सी, सगळ्या कोलोनोस्कोपी आणि एमआरचे रिपोर्ट, सीडीसकट
- आजवरच्या औषधांचा तक्ता: नाव, डोस, कधीपासून कधीपर्यंत, का थांबवलं
- टीबी, हिपॅटायटिस, एचआयव्हीचे रिपोर्ट आणि लसींची नोंद
- नवं औषध का गरजेचं आहे, हे डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र
- आधार, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पॉलिसीची प्रत
- प्रत्येक व्हायलचं (औषधाच्या छोट्या बाटलीचं) किंवा पेनचं स्टिकर, बॅच नंबर दिसेल असं

शेवटचं बहुतेक जण फेकून देतात. रिअ‍ॅक्शन आली तर तेच लागतं, आणि कंपनीच्या योजनेत रिकामा खोकाही मागतात.

7. औषध घरी आणणं

बायोलॉजिक 2 ते 8 अंशांत राहायला हवं. पार्सल आलं की जेल पॅक थंड आहे का हे कुरिअरवाल्यासमोर बघा. गोठलेलं औषध वितळल्यावर चांगलं दिसलं तरी वापरायचं नाही, म्हणून डबा बर्फाला चिकटून ठेवू नका. फ्रीजच्या दारातही नको, मधल्या कप्प्यात मागच्या भिंतीला न टेकता ठेवा. काही अडॅलिम्युमॅब पेनं 25 अंशांपर्यंत 14 दिवस बाहेर चालतात, पण मे महिन्यात जळगाव-नागपूरला घरातलं तापमान त्याच्या कितीतरी वर असतं. लाइट बराच वेळ जात असेल तर जवळच्या मेडिकलच्या फ्रीजमध्ये ठेवायची सोय करा.

8. पहिला डोस

इन्फ्लिक्सिमॅबची व्हायल 100 मिलिग्रॅमची, आत पांढरी पावडर. साठ किलो वजनाला किलोमागे 5 मिलिग्रॅम धरून तीन व्हायल लागतात. सिस्टर त्यात पाणी घालून व्हायल बोटांत हळूच फिरवतात, हलवत नाहीत, कारण फेस येऊन औषध बिघडतं. मग 250 मिलिलीटर सलाइनमध्ये मिसळून किमान दोन तासांत सोडतात. यासाठी नळीत बारीक फिल्टर लागतो. छोट्या हॉस्पिटलात तो नसतो, आदल्या दिवशीच फोन करून विचारा. ताप, कफ, दुखणारा दात, गळू, असं काही असेल तर सुई लागण्याआधी सांगा, डोस पुढे ढकलतात. सलाइन चालू असताना छाती भरल्यासारखी वाटली, अंगावर गांधी उठल्या, थंडी वाजली, तर लगेच बेल दाबा. बहुतेक वेळा थेंबांचा वेग कमी करून भागतं.

पेन असेल तर अर्धा तास आधी बाहेर काढा, गरम पाण्यात धरू नका. मांडीवर किंवा बेंबीपासून दोन इंच लांब, दर वेळी जागा बदलून टोचा. खटका वाजल्यावर लगेच उचलू नका, खिडकीतला रंग पूर्ण सरकेपर्यंत दाबून धरा. नंतर जागा चोळायची नाही. वापरलेलं पेन जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून हॉस्पिटलला परत द्या, घंटागाडीत टाकू नका.

9. किती थांबायचं आणि कधी थांबायचं नाही

इन्फ्लिक्सिमॅबचा फरक दोन-तीन आठवड्यांत जाणवू शकतो. वेडोलिझुमॅबला तीन-साडेतीन महिने द्यावे लागतात. त्याआधी "लागू पडत नाही" म्हणून सोडू नका. घरी रोज तीन गोष्टी लिहा: शौचाला किती वेळा, पोटदुखी किती, वजन. बाराव्या-चौदाव्या आठवड्याच्या सुमारास सीआरपी आणि कॅल्प्रोटेक्टिन पुन्हा करून आधीच्या आकड्यांशेजारी ठेवा. सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान कोलोनोस्कोपीने जखमा भरल्या का ते बघतात. बरं वाटत असलं तरी ती टाळू नका.

ओपीडीच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा तो या वेळी: 38 अंशांवर ताप, थांबत नसलेल्या उलट्या आणि पोट फुगून गॅसही न सरणं, शौचातून भरपूर रक्त, गुदद्वाराजवळ नवी सूज किंवा पू, डोळे पिवळे होणं, अझाथायोप्रिन सुरू झाल्यावर पोटातून पाठीत जाणारी तीव्र कळ, श्वास लागणं. रात्र असली तर जवळच्या हॉस्पिटलात जा आणि पोचताच औषधांचा तक्ता पुढे करा. स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक चालू आहे हे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.